‘अंगात रामच न्हाय’ याला किती गुण? गावात नैराश्य आणि शरीराच्या तक्रारी प्रश्नावलीने मोजताना

माण तालुक्यातल्या एका वाडीवर आमची विद्यार्थिनी ओट्यावर बसून विचारत होती, “मावशी, गेल्या पंधरवड्यात मन उदास, खिन्न वाटलं का?” मावशी पीठ मळत होत्या. म्हणाल्या, “उदास व्हायला येळ कुठाय बाळा? डोकं मातर लई जड असतंय. अंगात रामच न्हाय.” पोरीनं पहिल्या वाक्याला शून्य गुण दिले. दुसरं वाक्य कुठल्या रकान्यात टाकायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं ते लिहिलंच नाही.

चूक तिची नव्हती, माझी होती. वेळ वाचवायचा म्हणून मी ठरवून टाकलं होतं की आधी मनाचे दोन प्रश्न विचारायचे आणि त्यांत तीनपेक्षा कमी गुण पडले तर पुढची प्रश्नावली सोडून द्यायची. संध्याकाळी एसटीची वाट बघत फॉर्म चाळले, तर निम्म्याहून जास्त बायकांना आम्ही दोन प्रश्नांतच रजा दिलेली. गाव सुखी असल्याचा हा पुरावा नव्हता. त्या बायका जे सांगत होत्या ते ऐकायला आमच्या कागदावर जागा नव्हती, एवढंच.

सातारा-सांगलीत असा सर्व्हे करू बघणाऱ्या समाजकार्याच्या, नर्सिंगच्या, सामुदायिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे. क्रम प्रत्यक्ष कामाचा ठेवला आहे. काही पायऱ्यांवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण घसरायला होतं ते तिथेच.

पहिली पायरी: आकडा कशासाठी हवाय?

एकाच प्रश्नावलीकडून तीन कामं करून घेता येतात. कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते चाळून काढणं हे एक. तालुक्यात त्रासाचं प्रमाण किती याचा अंदाज बांधणं हे दुसरं. दोन गटांतला किंवा दोन वेळांमधला फरक बघणं हे तिसरं. कागद तोच असला तरी हिशेब तिन्हींचा वेगळा. चाळणीचा आकडा ‘प्रमाण’ म्हणून छापणं ही आपल्याकडच्या प्रबंधांतली नेहमीची चूक. तिच्याकडे शेवटी येऊच, पण उद्देशाचं वाक्य आजच एका ओळीत लिहून भिंतीवर लावा.

दुसरी पायरी: प्रश्नावली निवडणं

नैराश्य मोजायला सगळ्यात जास्त वापरली जाते ती पीएचक्यू-९. कर्ट क्रोएंके, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज ० ते २७. पाच, दहा, पंधरा आणि वीस हे टप्पे, त्यातला दहाचा उंबरठा, म्हणजे दहा किंवा जास्त गुण पडले की पुढे तपासायचं, सर्रास वापरतात. वापरायला फी पडत नाही. तिचेच पहिले दोन प्रश्न, कशात रस न वाटण्याचा आणि उदासीचा, म्हणजे पीएचक्यू-२. मी माणमध्ये तोंडघशी पडलो तो तिच्यामुळे.

शरीराच्या तक्रारींसाठी त्याच घरातली पीएचक्यू-१५ आहे, २००२ ची. पोटदुखी, पाठदुखी, हातपाय-सांधे, डोकेदुखी, छातीत दुखणं, गरगरणं, धडधड, धाप, अपचन, थकवा, झोप अशा पंधरा तक्रारी, मागच्या चार आठवड्यांतल्या. गुण ० ते २, बेरीज ३० पर्यंत. मासिक पाळीचा प्रश्न पुरुषांना लागू नाही, त्यामुळे त्यांची बेरीज २८ वर थांबते. बायकांची आणि पुरुषांची सरासरी शेजारी शेजारी मांडताना हे विसरलं जातं. तिच्यात शरीरसंबंधातल्या त्रासाबद्दलही एक प्रश्न आहे. बावीस वर्षांच्या मुलाने पन्नाशीच्या काकूंना तो परड्यात उभं राहून विचारावा, ही अपेक्षाच चूक. म्हणून घरोघरच्या सर्व्हेसाठी माझी पसंती एसएसएस-८ ला. ती २०१४ मध्ये पीएचक्यू-१५ मधूनच काढली. आठ तक्रारी, मागचे सात दिवस, प्रत्येकी ० ते ४ गुण, बेरीज ३२ पर्यंत. पाळी आणि शरीरसंबंध हे दोन्ही प्रश्न तिच्यात नाहीत.

जिथे चार पर्यायांचं गणित लोकांना जड जातं तिथे मनाचा एकूण त्रास चाळणारी जागतिक आरोग्य संघटनेची एसआरक्यू-२० बघा. वीस प्रश्न, सगळे हो किंवा नाही. तिचा पहिलाच प्रश्न डोकेदुखीचा आहे, मग भूक, मग झोप. आपल्याकडे माणूस आपलं दुखणं ज्या क्रमाने सांगतो जवळपास तोच क्रम.

याच्या उलट, दवाखान्यातल्या रुग्णांची चिंता आणि नैराश्य मोजणारी हॅड्स ही १९८३ ची प्रश्नावली आणि म्हाताऱ्यांच्या नैराश्यासाठीची जीडीएस यांनी शरीराच्या तक्रारी मुद्दाम वगळल्या. कारण रास्त होतं. दवाखान्यातल्या रुग्णाची किंवा सत्तरीच्या माणसाची झोप आणि ताकद आजाराने, वयानेही जाते, आणि तिचे गुण उदासीत मिळवले तर भलताच निष्कर्ष निघतो. पण तीच प्रश्नावली खटावच्या शिवारात नेली, तर शरीराच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाचं तोंडच बंद होतं. कुठलं हत्यार कुठल्या कामासाठी घडवलं ते आधी वाचून घ्या.

सीईएस-डी हीसुद्धा नैराश्याचीच, १९७७ ची, लेनोर रॅडलॉफ यांची. वीस प्रश्न, बेरीज ६०, उंबरठा १६. त्यातले चार प्रश्न सुखाचे आहेत, त्यांचे गुण उलटे मोजावे लागतात. ते उलटायचे राहिले आणि अख्खा अहवाल डोक्यावर उभा राहिला, असं मी पाहिलेलं आहे. तिच्यात रडू येण्याचा प्रश्नही आहे. त्याला पुरुष चटकन होकार देत नाहीत, त्यामुळे उदासी तेवढीच असली तरी बायकांचे गुण वर जातात. नैराश्याचीच बेकची प्रश्नावली विकत घ्यावी लागते. झेरॉक्स काढून वापरू नका.

तिसरी पायरी: मराठी, आणि कुठली मराठी

नवं भाषांतर करायला बसण्याआधी तयार मराठी आवृत्ती शोधा. पीएचक्यूची आहे. नाहीच मिळाली तर दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, दोन्ही जुळवायची, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट फिरवायचं, आणि मग आठ-दहा गावकऱ्यांना एकेक प्रश्न वाचून दाखवून ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारायचं. या शेवटच्या टप्प्यावर लोक कंटाळतात, आणि खरी कमाई मात्र त्याच टप्प्यावर होते.

काही खड्डे आधीच सांगून ठेवतो.

‘नैराश्य’ हा शब्द पेपरातला. बोलताना तो शिक्षक सोडून कोणी वापरत नाही. ‘टेन्शन’ सगळ्यांना कळतो, पण त्यात कर्ज, पोराची नोकरी, सासूची कटकट आणि परीक्षा सगळंच मावतं, म्हणून मोजायला तो निकामी. ‘करमत नाही’ हे नव्या सुनेचं किंवा पोरं मुंबईला गेलेल्या म्हातारीचं वाक्य, त्यात एकटेपणा जास्त. ‘जीव घाबरा होतो’ म्हणजे धास्ती. ‘मन लागत नाही’, ‘कशातच हुरूप वाटत नाही’ हे मात्र पीएचक्यूच्या पहिल्या प्रश्नाच्या बरेच जवळ जातात.

आता मराठीचा खास सापळा. “कामात मन लागत नाही, असं होतं का?” असं विचारलं आणि समोरून “नाही” आलं. म्हणजे काय? ‘नाही, तसं होत नाही’ की ‘नाही लागत’? दोन्ही अर्थ बरोबर आणि गुण मात्र एकदम उलटे. यावर उपाय एकच. नकाराच्या प्रत्येक प्रश्नावर उत्तर परत बोलून दाखवायचं: “म्हणजे मन लागतंय नेहमीसारखं, असंच ना काकू?” हे वाक्य आमच्या पुस्तिकेत छापलेलं आहे, प्रत्येकाने तेच म्हणायचं.

दुसरा सापळा पर्यायांचा. पीएचक्यू-९ चे चार पर्याय असे: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. यातला दुसरा पर्याय एका भाषांतरात ‘बरेच दिवस’ झाला होता. ऐकणाऱ्याला ‘बरेच’ हे ‘अर्ध्याहून जास्त’पेक्षा मोठं वाटतं, आणि मग पायऱ्याच उलट्या होतात. अमेरिकेतल्या बीआरएफएसएस या मोठ्या फोन-सर्व्हेने सरळ दिवसच विचारले होते: ०–१ दिवसाला शून्य, २–६ ला एक, ७–११ ला दोन, १२–१४ ला तीन. आम्ही तेच उचललं, फक्त साधन आपलं. चौदा चिंचोके पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचं, “हे मागचे चौदा दिवस. ज्या ज्या दिवशी असं झालं तेवढे बाजूला काढा.” आजी लोकांना हा खेळ आवडतो आणि उत्तर पक्कं मिळतं. तुम्हीही असं काही केलंत तर अहवालात तसं स्पष्ट लिहा.

चौदा दिवस मागे जायचे तर तारीख उपयोगाची नाही. “दोन बाजारांपूर्वीपासून आजपर्यंत” म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं. आठवड्याचा बाजार कोणी विसरत नाही.

लक्ष लागण्याच्या प्रश्नात मूळ उदाहरण वर्तमानपत्राचं आणि टीव्हीचं आहे. टीव्हीची मालिका चालते. पेपर न वाचणाऱ्यासाठी कीर्तन ऐकण्याचं उदाहरण द्या, पण ते सगळ्यांना सारखंच द्या, आणि आयत्या वेळी सुचलेलं नको. भुकेचा प्रश्न श्रावणात आणि नवरात्रात वेगळा वागतो. उपवासामुळे कमी खाणं आणि अन्नावरची वासना उडणं यांत फरक आहे. शुद्ध हरपण्याच्या प्रश्नावर कोणी ‘अंगात येतं’ म्हणालं तर ते बेशुद्धीत मोजू नका, बाजूला टीप लिहा.

शिवाय आपल्या भागातल्या काही तक्रारी एकाही यादीत नाहीत. हातापायाची आग, मुंग्या येणं, ‘मणक्यात गॅप’, ‘पित्त चढणं’, पांढरं जाणं, आणि अशक्तपणा वाटला की सलाइन लावून येणं. पांढरं जाण्याची तक्रार दर वेळी जंतुसंसर्गाचीच नसते. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तिचा मनाच्या आणि घरातल्या ताणाशी घट्ट संबंध दिसला होता. म्हणून शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवा: “आणखी काही दुखतं-खुपतं का?” त्याला गुण द्यायचे नाहीत, माणूस बोलेल ते त्याच शब्दांत उतरवायचं.

जतच्या पूर्व भागात घराघरांत कन्नड बोलली जाते. तिथे मराठी फॉर्म हातात धरून तोंडाने कन्नड करत बसू नका. कन्नड आवृत्ती आणि कन्नड बोलणारी मुलगी, दोन्ही सोबत न्या.

चौथी पायरी: कोणाला, आणि कधी

सांगली जिल्हा म्हणजे एक गाव नव्हे. पलूस-वाळव्याचा कृष्णाकाठ, जत-आटपाडीचा दुष्काळी पट्टा आणि शिराळ्याचे डोंगर यांची सुखदुःखं वेगळी. साताऱ्यातही माण-खटाव एकीकडे आणि पाटण-जावळी दुसरीकडे. आधी असे पट्टे पाडा, मग प्रत्येक पट्ट्यातून गावं चिठ्ठीने निवडा. मोठ्या गावाला निवडीची संधी लोकसंख्येच्या हिशेबाने जास्त मिळाली पाहिजे.

किती माणसं? समजा प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असेल आणि तीन टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर सूत्राने ३८४ येतात. पण एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, दुष्काळ सगळ्यांच्याच दारात असतो. एका गावातून वीस जण घेतले आणि हा सारखेपणा (शून्य म्हणजे मुळीच नाही, एक म्हणजे सगळे एकसारखे) ०.०५ धरला, तर १ + १९ × ०.०५ = १.९५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सोयीसाठी दुप्पटच धरू. ३८४ चे झाले ७६८. दहा टक्के भेटणार नाहीत असं धरलं तर यादीत साडेआठशे नावं हवीत. ३८४ वर थांबलेले प्रबंध ढिगाने आहेत.

घरात गेल्यावर जो समोर येईल त्याला पकडायचं नाही. दुपारी बारा वाजता समोर येतात सासूबाई नाहीतर बाळंतीण. घरातल्या प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस नुकताच झाला तो, असा नियम लावता येतो. जन्मतारखा माहीत नसतील तर चिठ्ठी टाका. तो शेतात असेल तर संध्याकाळी सातनंतर या. तीन फेऱ्या मारा आणि शेजाऱ्यावर भागवू नका. जावळी-पाटणमध्ये कित्येक घरांतला कर्ता पुरुष मुंबईत असतो. तो तुमच्या नमुन्यात धरायचा की नाही हे आधी ठरवा. तसंच ऊसतोडणीच्या टोळ्यांचं. हंगामात फडाशेजारी खोपटी असतात, मतदारयादीत त्यांचं नाव नसतं, म्हणून सर्व्हेतही नसतं. घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण अहवालात तसं कबूल करा.

हंगामाचा परिणाम आकड्यावर थेट होतो. शेतीपंपाला रात्रीची लाइट असलेल्या आठवड्यात बापई माणूस दोन वाजता पाणी पाजायला उठतो. झोपेच्या प्रश्नाला त्याचे तीन गुण पक्के, थकव्यालाही दोन. गुण खोटे नाहीत, त्यांचा अर्थ वेगळा आहे. ‘या आठवड्यात लाइट कधीची?’ हा एक जास्तीचा प्रश्न घाला. तासगावात द्राक्षाची छाटणी, कृष्णाकाठी पुराचे दिवस, ऐन लग्नसराई, सगळ्यालाच हे लागू. २०१९ किंवा २०२१ च्या महापुरानंतर महिन्याभरात काढलेला आकडा हा पुराचा आकडा असतो, त्याला जिल्ह्याचं प्रमाण म्हणता येत नाही.

पाचवी पायरी: उंबऱ्यावर

नीतिविषयक समितीची मंजुरी आणि सही किंवा अंगठ्याची संमती तर हवीच, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचून घ्या. नावं एका वहीत, उत्तरं दुसरीकडे आणि दोन्हींना जोडणारा फक्त क्रमांक.

‘स्वतः भरायची’ प्रश्नावली आपल्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्याने वाचून दाखवावी लागते. मग ती स्वतः भरलेली राहत नाही. समोर माणूस बसला की लोक थोडं सावरून बोलतात. ज्यांना वाचता येतं त्यांच्या हातात कागद द्या आणि ज्यांना वाचून दाखवला त्यांची वेगळी खूण ठेवा. पुढे दोन गटांची तुलना करताना ती खूण कामी येते.

गावात शिरताना आशाताई सोबत असाव्यात, ओळख करून द्यायला. प्रश्न विचारायला नकोत. त्या चांगल्या नसतात म्हणून नाही, तर त्या त्याच गावच्या असतात म्हणून. जावेचं-नणंदेचं गाऱ्हाणं कोणी त्यांच्याजवळ बोलणार नाही, आणि बोललं तर उद्या निस्तरावं त्यांनाच लागेल.

एकांत मिळणं अवघड. खोलीत कोणी नसलं तरी दाराआड सासूबाई असतात. आमची एक मुलगी अशा वेळी सासूबाईंकडे पाणी मागते, मग चहाला हो म्हणते. तेवढ्यात मनाचे प्रश्न उरकतात. पुरुषांसाठी पारावर बसू नका, तिथे सगळेच मर्द असतात. बांधावर जा.

क्रम: आधी शरीर, मग मन. “गुडघे कसे आहेत?” इथून सुरू झालेलं बोलणं पाचव्या मिनिटाला आपोआप झोपेवर आणि झोपेवरून मनावर येतं. हा माझा अनुभव आहे, नियम नव्हे. पण जो क्रम ठरवाल तो सगळ्यांना एकच ठेवा, कारण आधीच्या प्रश्नाची सावली पुढच्या उत्तरावर पडते.

‘बरंय म्हणायचं’, ‘चाललंय’, ‘देव ठेवील तसं’ ही उत्तरं नव्हेत. त्यावर मान डोलवून चिंचोके पुढे सरकवा.

सहावी पायरी: नववा प्रश्न

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरून गेलेलं बरं वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. हा प्रश्न विचारल्याने डोक्यात विचार घुसतो अशी भीती मुलांना वाटते. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. पण उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी काय करायचं, ते ठरल्याशिवाय हा प्रश्न गावात नेऊ नका. तशी सोय नसेल तर हा प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ वापरा, त्यात कमीपणा नाही. बीआरएफएसएसमध्ये तीच वापरली होती.

सोय म्हणजे काय? एकाही दिवसाचा चिंचोका निघाला की बेरीज काहीही असो, फॉर्म बाजूला ठेवायचा आणि शांतपणे तीन गोष्टी विचारायच्या. हे विचार आज-उद्याचे आहेत का? कसं करायचं ते ठरवलंय का? तसं काही हाताशी आहे का? शेतकऱ्याच्या घरात तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा गोठ्यातल्या फळीवर असतं. विचार ताजे असतील किंवा बेत ठरलेला असेल, तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. पर्यवेक्षकाला फोन, घरातल्या त्याच्या विश्वासाच्या एकाला जवळ बोलावणं, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी, आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेली मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ वर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. तिथेच बसून, त्याच्यासमोर, स्पीकरवर लावून द्या. तातडीची वेळ असेल तर ११२. ‘तुमच्या जिवाला धोका दिसला तर ही गोष्ट मी आणखी एकाला सांगेन’ हे वाक्य संमतीपत्रात आधीच असायला हवं, नाहीतर तो विश्वासघात ठरतो.

लोक ‘पोलीस केस होईल’ म्हणून गप्प बसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. हे गावात सांगा.

सातवी पायरी: बेरीज

पीएचक्यू-९ मध्ये एक-दोन उत्तरं राहिली तर उरलेल्यांच्या सरासरीने भरून काढतात, त्याहून जास्त राहिली तर तो फॉर्म बेरजेतून बाहेर. रोजच्या कामात किती अडचण येते हा शेवटचा दहावा प्रश्न बेरजेत येत नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बारा गुण असून दूध काढून, डबे करून, बचत गटाची मीटिंग घेणारी बाई आणि बारा गुणांवर अंथरुणातून न उठणारी बाई यांना ओळखायची दुसरी सोय फॉर्मवर नाही.

बेरजेशिवाय दुसरा रस्ताही आहे. पाच किंवा जास्त लक्षणं अर्ध्याहून जास्त दिवस असावीत, त्यांतलं किमान एक पहिल्या दोन प्रश्नांपैकी असावं, आणि नववं लक्षण कितीही दिवस असलं तरी मोजावं. हा रस्ता कडक. दोन्ही आकडे काढून ठेवा, त्यांच्यातली तफावत बरंच काही सांगते.

आता दुहेरी मोजणीकडे. थकवा आणि झोप हे पीएचक्यू-९ मध्येही आहेत आणि पीएचक्यू-१५ मध्येही. एसएसएस-८ मध्येसुद्धा. रात्री पाणी पाजणाऱ्या आपल्या त्या माणसाला थकवा-झोपेचे नऊवालीत पाच गुण मिळाले, पंधरावालीत आणखी चार. मग कोणीतरी संगणकावर दोन बेरजांचा संबंध काढतो आणि ‘शारीरिक तक्रारी आणि नैराश्य यांचा घनिष्ठ संबंध आढळला’ असं लिहितो. संबंध आहेच, पण त्यातला काही भाग एकच प्रश्न दोनदा विचारल्याचा आहे. म्हणून संबंध काढताना एका बाजूने हे दोन प्रश्न काढून टाका आणि दोन्ही आकडे शेजारी छापा. मी तर पीएचक्यू-९ चे मनाचे प्रश्न, म्हणजे रस, उदासी, अपराधी वाटणं, लक्ष आणि मरणाचे विचार, यांची बेरीजही वेगळी काढतो.

थकव्याची दुसरी कारणंही विसरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. हिमोग्लोबिन तपासता आलं तर उत्तमच. नाहीतर मधुमेह, थायरॉइड, बाळंतपण याबद्दल निदान विचारून ठेवा. आणि याची दुसरी बाजूही आहे: रक्त कमी आहे म्हणून उदासी नसेलच, असं नाही. एकाच अंगात दोन्ही राहतात.

आठवी पायरी: आकडा छापण्यापूर्वी

मूळ अभ्यासात दहाच्या उंबरठ्यावर पीएचक्यू-९ ने खरे रुग्ण ८८ टक्के ओळखले आणि निरोगी माणसांना ८८ टक्के वेळा बरोबर सोडलं. ऐकायला झकास. पण ती माणसं दवाखान्यात आलेली होती. आपण गावात जातो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचं चालू प्रमाण २.७ टक्के होतं. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. हिशेबाला सोपं म्हणून तीन टक्के धरू. हजार माणसांत तीस जण खरे रुग्ण, त्यांतले २६ आपण पकडले. उरलेल्या ९७० जणांपैकी बारा टक्के, म्हणजे ११६ जण, चुकून वर आले. दहाच्या वर एकूण १४२. त्यांतले खरे २६, म्हणजे साधारण १८ टक्के. दहाच्या वर गेलेल्या दर पाचांपैकी चौघांना नैराश्याचा आजार नाही! आणि अहवालाचा मथळा असतो ‘१४ टक्के ग्रामस्थ नैराश्यग्रस्त’.

त्या चौघांना काहीच नाही असंही नाही. कर्ज असेल, दुखणं असेल, घरात कोणी गेलं असेल. त्रास खरा आहे, फक्त त्याचं नाव वेगळं. म्हणून मथळा असा हवा: ‘इतक्या टक्के लोकांना पीएचक्यू-९ वर दहा किंवा अधिक गुण’. एवढंच.

खरं प्रमाण हवंच असेल तर सूत्र आहे. आढळलेल्या टक्क्यात निरोगी ओळखण्याचा टक्का मिळवा, शंभर वजा करा, मग रुग्ण ओळखण्याचा आणि निरोगी ओळखण्याचा अशा दोन्ही टक्क्यांच्या बेरजेतून शंभर वजा करून त्याने भागा. (१४.२ + ८८ − १००) ÷ (८८ + ८८ − १००) म्हणजे २.२ ÷ ७६, आले २.९ टक्के. पण आपल्या गावात निरोगी ओळखण्याचा टक्का ८८ ऐवजी ९२ असेल तर तोच १४.२ चा आकडा ७.८ टक्क्यांवर जातो. चार टक्क्यांच्या फरकाने उत्तर अडीच पटींहून जास्त. तेव्हा दुसऱ्या मुलखाचे टक्के उसने घेऊन केलेली ही दुरुस्ती फार भरवशाची नाही.

भरवशाचा मार्ग खर्चाचा आहे. दहाच्या वर गेलेले सगळे आणि दहाच्या खाली असलेल्यांतले चिठ्ठीने निवडलेले काही, अशांना मनोविकारतज्ज्ञाने आठवडाभरात भेटून मुलाखत घ्यायची. गुण त्याला सांगायचे नाहीत. मनोविकारतज्ज्ञ मिरज, सांगली, कऱ्हाड, साताऱ्यात मिळतात, आटपाडीत किंवा दहिवडीत येऊन बसायला मात्र त्यांना आधीच गळ घालावी लागते. गाडीचा खर्च अर्जातच मांडा.

गाव सोडताना

ज्यांना चिठ्ठी दिली त्यांची यादी करा: कुठल्या दवाखान्यात, कोणत्या वारी, किती वाजता, एसटी कधीची. नुसतं ‘जिल्हा रुग्णालयात दाखवा’ म्हटलं की कोणी जात नाही. चिठ्ठीवर ‘मानसिक’ हा शब्द मोठ्या अक्षरात नको, ती घरातले सगळे वाचतात. ‘झोप आणि अशक्तपणासाठी तपासणी’ लिहिलं तर खोटं होत नाही आणि बाई जाते. ती तपासणी कोणाकडे आणि कशाची आहे, हे मात्र तिला तोंडी, नीट सांगून निघा.

पंधरा दिवसांनी फोन लावा. माणच्या त्या मावशींकडे आम्ही पूर्ण प्रश्नावली घेऊन परत गेलो होतो. शरीराचे प्रश्न आधी घेतले, चिंचोके मांडले. डोक्याच्या प्रश्नाला त्यांनी सगळे चौदा बाजूला काढले, झोपेला अकरा. उदासीचा प्रश्न आला तेव्हा थोडा वेळ हात तसाच राहिला, मग एकेक करत सहा सरकवले आणि म्हणाल्या, “ह्ये मागल्या बारीला नीट इचारलंच न्हवतं तुमच्या पोरीनं.”